राहीबाईचा पाय

बिरदेव : चोळू नका म्हणला, शेकू नका म्हणला, गोळी गिळू नका म्हणला. पाय लावू नका म्हणला का डॉक्टर? सांग की आये. म्हणला का?

राहीबाई : गप पड, बिरदेवा.

बिरदेव : म्हंजी न्हाई म्हणला. मग लाव की पाय. एकदा लाव. एकदाच!

समीक्षा : डॉक्टरांना काय स्वप्न पडलंय, आपल्या घरात पायाळू बाई आहे म्हणून? ठाऊक असतं तर तेपण नको म्हणाले असते.

बिरदेव : तुला कुणी इचारलंय? म्या माझ्या आईसंगं बोलतुय.

समीक्षा : बोला ना. पण पडून बोला. आत्ता उठून बसला होता तुम्ही, मी बघितलं.

बिरदेव : बसलो न्हाई. कूस बदलली.

समीक्षा : कूस बदलताना पाय खाली फरशीला लागतात का?

बिरदेव : आये, हिला मलकापुरास्नं करून आणली तवा तू म्हणलीवतीस, पोरगी लय गरीब हाय.

राहीबाई : गरीबच हाय. तुझ्यासंगं ऱ्हाऊन झाली अशी. जरा सरक, घोंगडं नीट करू दे. सगळं गोळा करून ठिवलंस पायाखाली. रातभर काय लढाई करत हुतास?

बिरदेव : वळवळत हुतो, दुसरं काय! उताणा पडलो की कंबरंत इंगळ ठिवल्यागत हुतंय. कुशीव झालो की डाव्या मांडीतनं जी कळ निघती ती पार अंगठ्यापतुर. सुई द्यायच्या आदी निदान बसून भाकरी तरी खात हुतो म्या.

समीक्षा : परवाच फोनवर बोलणं झालं ना? सुई दिल्यावर काही जणांचं दुखणं आधी वाढतं, मग उतरतं, असं म्हणाले ते. लगेच गोळी घेतली तर आत सोडलेल्या पेशींचं काम बिघडायची भीती असते. जड उचलायचं नाही, दणका बसू द्यायचा नाही, आणि पडून राहायचं. एवढंच तर आहे.

बिरदेव : एवढंच! बोलायला काय जातंय. जोतिबाला फोन लाव.

समीक्षा : लावला होता. बंद लागतोय.

बिरदेव : परत लाव.

समीक्षा : अहो, आत्ता तुमच्या डोळ्यांदेखत लावला! चार्जिंग संपलं असेल. मेंढरांमागं हिंडताना कुठं लावणार तो बिचारा मोबाईल?

बिरदेव : दिवाळी झाल्यापासनं एकलाच हाय त्यो. सगळ्या मेंढ्या गाभण, रस्त्यानं ही उसाची ट्रॅक्टरं, आन आपला धाकटा म्हंजी झोपला की उशाला ढोल वाजीव, उठायचा न्हाई. आन म्या थोरला भाऊ हितं पडून पत्र्याचं खिळं मोजतुय.

राहीबाई : झालं का मोजून?

बिरदेव : आये, चेष्टा नगं.

राहीबाई : चेष्टा कुठली? परत मोज. एखादा चुकला असंल.

बिरदेव : हसा, दोघीबी हसा. आन जिच्यापायी मला असं आडवं घातलंय, ती सुई तरी खरी हुती का, कुणाला ठावं?

समीक्षा : तो विषय आता काढू नका.

राहीबाई : कंचा विषय?

समीक्षा : काही नाही, आत्या.

राहीबाई : काही न्हाई म्हणतीस आन ओढणी चावतीस? बोल गं.

बिरदेव : म्या सांगतो. आये, माझ्या कंबरंच्या हाडातनं मगज काढला, त्यातल्या पेशी वाढीवल्या आन सुईनं पाठीत सोडल्या, असं हिनं तुला सांगितलंय न्हवं?

राहीबाई : व्हय. दोन मणक्यांच्या मदली गादी वाळलीया. तिला रगत पोचत न्हाई म्हणून ती आपली आपण भरत न्हाई. त्या पेशी तितं जगल्या तर भरंल. सगळं ध्यानात हाय माझ्या.

बिरदेव : पर हे न्हाई सांगितलं, की निम्म्या लोकांस्नी नुसतं मिठाचं पाणी देत्यात.

राहीबाई : आं?

समीक्षा : आत्या, माझं ऐका. हा उपाय नवीन आहे, अजून पारखून बघतायत. म्हणून काही जणांना पेशी देतात आणि काही जणांना पाणी. कुणाच्या सुईत काय होतं ते डॉक्टरांनाही सांगत नाहीत. वर्षानं उघडायचं. तेव्हा कळणार, गादी खरंच भरते की माणसाला नुसतं तसं वाटतं.

राहीबाई : म्हंजी ह्येच्या पाठीत पाणीबी असंल?

समीक्षा : असेल. पेशीपण असतील.

राहीबाई : आन हे म्हाईत असून तुमी सही ठोकली?

समीक्षा : मीच पुढं होऊन करायला लावली. दुसरा रस्ता म्हणजे पाठ उघडून स्क्रू घालायचे. ह्यांचं वय काय, आत्या? अजून पस्तिशी नाही. मी म्हटलं, आधी हे करून बघू. काही चुकलं असेल तर माझं चुकलं. तुम्ही मला बोला, पण ह्यांना उठू देऊ नका.

राहीबाई : तुला कोण बोलतंय? म्या इचार करतीया. म्हंजी त्योबी माझ्यासारखाच म्हणायचा.

समीक्षा : कोण?

राहीबाई : डॉक्टर. म्याबी पाय लावते आन हुबी ऱ्हाऊन बघते, माणूस उठतोय का. उठतो. कशानं उठतो ते मला ठावं न्हाई. आईच्या पोटातनं डोक्याच्या आदी पाय भाईर आलं माझं, तेवढंच काय ते माझं शिक्षान.

बिरदेव : मला ठावं हाय ना! पाच वरसं तुझ्या पायानं उठतुय म्या. ह्या सुईपरास त्यो पाय बरा, निदान डोळ्यांना दिसतो तरी. ये की गं आये.

आकाराम : हाय का कुणी घरात? पायाळू मावशी हितंच ऱ्हात्यात न्हवं?

समीक्षा : आत्या, रविवार आहे, पाय लावून घ्यायचा वार. कुणीतरी आलं पाठ घेऊन.

राहीबाई : या या. आवं, असं भिंत धरून का हुबं? कोण म्हणायचं तुमी?

आकाराम : म्या आकाराम. रहिमतपूरच्या खालच्या अंगाला वस्ती हाय माझी. बावीस वरसं फौजेत काढली मावशी, पाठ कवा वाकली न्हाई. आन काल हिरीवरची मोटर उचलाय गेलो, कंबरंत कडाक् करून वाजलं. सकाळी पिकअप कशी चालवत आणली माझं मला म्हाईत. साला, नीट हुबंबी ऱ्हाता यीना.

राहीबाई : पायात मुंग्या येत्यात? बधिर झाल्यागत वाटतंय?

आकाराम : न्हाई न्हाई. नुसती उसण भरलीया.

राहीबाई : लघवी, परसाकडं बरूबर हुतीया?

आकाराम : आं? व्हय... हुतीया. असलं काय इचारताय मावशी?

राहीबाई : सुनंनं शिकिवलंय. त्यात काय कमीजास्त असंल तर पाय लावायचा न्हाई, सरळ मिरजंला धाडायचं. पडा हितं उंबऱ्याव पालथं. हात म्होरं. अंग सोडा. फौज इसरा जरा.

आकाराम : आयो! ... आं! ... मावशी, झालं का?

राहीबाई : झालं. उठा.

आकाराम : थांबा, थांबा. उठतो. आरं तिच्या मायला! हे बघा, वाकलो. हे बघा, परत वाकलो. एकदम फिट! काय पाय हाय का काय हाय!

राहीबाई : लय वाकून दावू नगा. चार दिस जड उचलू नगा.

बिरदेव : ऐकलंस का समीक्षा? परक्याला पाय. पोटच्याला न्हाई.

आकाराम : आत कोण हाय?

राहीबाई : ल्योक हाय माझा, बिरदेव. पाठीत सुई दिलीया, पडून हाय. या आत, च्या घ्या.

आकाराम : काय गड्या! घरात असली डॉक्टरीण आन तू आडवा?

बिरदेव : तेच इचारतुय सकाळपासनं. तुमीच सांगा तिला.

समीक्षा : काका, तुम्ही काही सांगू नका. तुमची नुसती उसण होती, ह्यांची गादी गेलीय. बसा, चहा ठेवते.

आकाराम : बरं बाई. म्या गप. पर दारात मेंढरं कोंडायची जाळी, वाघर टांगल्याली दिसती आन मेंढरू एक न्हाई?

बिरदेव : मेंढरं तुमच्याच अंगाला गेल्यात. माझा धाकटा भाऊ हाय संगं, जोतिबा. रहिमतपूरच्या अलीकडं खोडव्यात बसल्यात असं म्हणला हुता.

आकाराम : जोतिबा? बुटका, कानात बाळी, सारखा शिट्ट्या मारतुय त्यो? आरं, माझ्या बांधाला लागूनच की! शेजाऱ्यानं ऊस गेल्याव खतासाठनं मेंढरं बसिवल्यात. सकाळी निघताना बघून आलो म्या.

बिरदेव : कशी हायती?

आकाराम : हायती की. ठीक हायती.

बिरदेव : काका, फौजी माणसाला खोटं बोलाय येत न्हाई. काय झालंय?

आकाराम : आता तू पडल्याला माणूस, तुला कशाला... परवा भटकी कुत्री शिरली वाघरंत. दोन कोकरं गेली. पोरगं रडत हुतं. पर बाकीची समदी बरी हायती.

बिरदेव : आन फोन का बंद हाय त्येचा?

आकाराम : कुत्र्यांमागं पळताना पाटात पडला म्हणं. आन सकाळी जोतिबा जरा काळजीत हुता. एक पांढऱ्या तोंडाची मेंढी सारखी उठती, बसती. पाय झाडती. तिच्याभवती फिरत हुता.

बिरदेव : पांढऱ्या तोंडाची? एका कानाला चीर?

आकाराम : व्हय व्हय, चीर हाय.

बिरदेव : आये, चांदी! चांदी अडलीया! दरसाल तिचं कोकरू येडंवाकडं येतंय. आत हात घालून फिरवाय लागतंय, आन त्या जोतिबानं आजपतुर एकदाबी हात घातला न्हाई. दोन्ही जाणार. मेंढीबी जाणार! काका, गाडी कुठं लावली?

आकाराम : हितं बाभळीखाली. चल की, बस. दीड तासाचा तर रस्ता हाय.

समीक्षा : काका!

आकाराम : आगं, म्होरं बसवतो त्येला, हळूहळू नेतो.

समीक्षा : हळूहळू? पुलाचं काम चाललंय, अर्धा रस्ता उकरून ठेवलाय! दवाखान्यातून आणताना उशा लावून झोपवून आणलंय ह्यांना. आणि तिकडं जाऊन हे काय खुर्चीवर बसणार आहेत? उकिडवं बसायचं, जोर लावायचा, मेंढी ओढायची. अहो, पाय खाली टाकू नका! कंबरेचा पट्टा बांधून कुठं चाललाय? ऐका ना माझं!

बिरदेव : सर बाजूला.

समीक्षा : नाही सरत.

बिरदेव : समीक्षा, माझं जनावर मरतंय तिकडं!

समीक्षा : आणि तुम्ही? तुमचं काय मरतंय ते दिसत नाही तुम्हाला? डावा पाय ओढत चाललाय तुम्ही. बघा खाली. चप्पल निघून पडली तरी कळलं नाही!

(बिरदेव भिंतीला धरत दारापर्यंत येतो. तिथं त्याचा गुडघा वाकतो आणि तो उंबऱ्यावर पालथा पडून राहतो.)

राहीबाई : लागलं का रं? बिरदेवा?

बिरदेव : न्हाई लागलं. बरं झालं, जागंव आलो. उंबराच हाय ह्यो. आता लाव पाय.

राहीबाई : उठ.

बिरदेव : कसा उठू? तुझ्या पायाबिगार कसा उठू? लाव की आये. आत्ताच ह्या माणसाला हुबा केलास. त्यो रहिमतपूरचा, त्येचं नाव तुला घटकेमागं ठावं न्हवतं. आन म्या कोण हाय तुझा?

राहीबाई : न्हाई लावायची.

बिरदेव : हिनं कान भरलं तुझं. पायात काय न्हाई, सगळं खुळंपन हाय, असं सांगितलंय न्हवं हिनं?

समीक्षा : मी असं कधीच म्हटलेलं नाही.

राहीबाई : तिला मदी वडू नगंस. तिनं काय सांगितलं न्हाई. पाय लागू पडतो माझा, मला ठावं हाय.

बिरदेव : मग?

राहीबाई : लागू पडतो म्हणूनच देत न्हाई. कळलं का तुला आता? म्या पाय लावला की तू उठशील. दर बारीला उठलास. हसत उठलास, आन त्याच दिशी खांद्याव दोन कोकरं टाकून डोंगर चढलास. चार दिसांनी परत ह्या उंबऱ्याव. परत पाय लावला, परत गेलास. मला वाटायचं, काय गुण हाय माझ्या पायात! आन आत ती गादी वाळत चाललीवती. दुखणं तुला बस म्हणत हुतं, आन म्या त्येला हाकलत हुते. आज लावला तर काय हुईल सांगू? तू उठशील. गाडीत बसशील. मेंढी सोडीवशील. आन जे काय त्या सुईतनं आत गेलंय ते सगळं मातीत जाईल.

बिरदेव : आत पाणीच असलं तर?

राहीबाई : आन पेशी असल्या तर?

बिरदेव : कुणालाच ठावं न्हाई की गं आये! वरीसभर असं पडायचं, आन वरसानं म्हणायचं, पाणी हुतं, जा घरी? खुळा हुईन म्या. खरंच खुळा हुईन. मेंढरू कसं पुढं दिसतं, त्येला हात लावला की कळतं, तापलंय का, गाभण हाय का. हे काय हाय? माझ्याच पाठीत हाय आन मलाच दिसत न्हाई.

राहीबाई : बिरदेवा, एक सांग मला. आई मेल्यालं कोकरू दुसऱ्या मेंढीला लावायचं असलं तर काय करतूस तू?

बिरदेव : आत्ता काय लावलंयस तू हे?

राहीबाई : सांग.

बिरदेव : दाव्याला बांधून घालतो मेंढीला.

राहीबाई : कशापायी?

बिरदेव : मोकळी असली तर ढुसण्या देती. कोकराला प्यू देत न्हाई.

राहीबाई : किती दिस बांधतूस?

बिरदेव : त्येचा वास तिला आपला वाटंस्तवर.

राहीबाई : आन घेतंय का दर बारीला? समदी कोकरं लागत्यात?

बिरदेव : न्हाई. काय लागत्यात, काय जात्यात.

राहीबाई : जात्यात म्हणून तू बांधायचं सोडलंस का?

बिरदेव : सोडून कसं चालंल?

राहीबाई : मग तूबी बांधून घे की.

बिरदेव : म्या मेंढी न्हाई, आये.

राहीबाई : मेंढी परवडली. ती निदान वराडून तरी गप बसती.

आकाराम : मावशी, म्या मदी बोलू का? आमच्या पलटणीत एक सुभेदार साब हुते. म्हणायचे, चालायची ऑर्डर कुणीबी पाळतो, थांबायची ऑर्डर पाळणारा जवान मिळत न्हाई. गड्या, म्या तुला न्हेत न्हाई. माफ कर. मला लय वाटतंय न्यावं, पर न्हेत न्हाई.

बिरदेव : मग चांदी मरू द्या.

आकाराम : थांब की! माझी मंडळी वस्तीवर हाय. तिला फोन लावतो. बांध वलांडला की तुझा भाऊ. तिच्या फोनवर त्येला सांग काय सांगायचं ते. हितनं पडल्या पडल्या बोल.

समीक्षा : हे आधी का नाही सुचलं तुम्हाला, काका!

आकाराम : आगं बाई, माझी कंबर आत्ता मोकळी झाली, डोकं जरा मागनं झालं. हॅलो? आगं, पळत जा बांधाव. मेंढरांवाल्या पोराला फोन दे. कशाला ते मागनं सांगतो. पळ म्हणलं ना! ... आली बघ. घे गड्या, स्पीकर लावलाय.

बिरदेव : जोतिबा? रडतूस कशाला, रांडच्या, रडू नगं. चांदी कशी हाय? ... किती येळ झाला? ... हात कोपरापतुर साबणानं धू. मग तेल लाव. काकींकडनं माग. ... लावलं? आता आत घाल. हळू. तिला कळ आली की थांब, कळ गेली की म्होरं. काय लागतंय हाताला? ... शेपूट? डोकं न्हाई? ... भिऊ नगं. उलटं आलंय. वडू नगं! वडलं तर मरंल. ढुंगण मागं ढकल, आत. जोर करू नगं. आता खाली बोटं ने, मागचा पाय सापडंल. खूर तळहातात धर, म्हंजी तिला आत लागायचं न्हाई. ... सापडला? आता दुसरा. ... जोतिबा? ... दोन्ही हायती का हातात? कळ आली की तिच्याबरूबर वड, खालच्या अंगाला. आता थांबायचं न्हाई, भाईर येईस्तवर. ... जोतिबा! आरं बोल की! ... नाक पूस. तोंडातला चिकाटा काढ. मागचं पाय धरून उलटं लोंबव जरा. ... काय झालं? ... काय म्हणतूस? परत बोल. ... चाटतीया? चांदी चाटतीया त्येला?

समीक्षा : देवा.

बिरदेव : आये, चाटतीया म्हणं. नर हाय.

राहीबाई : ऐकू आलं. पायाकडनं आलं म्हण की माझ्यागत.

आकाराम : शाब्बास गड्या! आरं, पडून लढाई जिंकली की तू. म्या निघतो आता. दुपारपतुर पोचतो, आन रातच्या राखणीला पोराच्या जोडीला ऱ्हातो. कुत्री आली तर माझ्याशी गाठ हाय. मोटर माझी पोरं उचलतील. येतो मावशी.

राहीबाई : या. आन उचलू नगा कायबी.

आकाराम : न्हाई उचलत. तुमचा पोरगा थांबला, म्या थांबणार न्हाई व्हय?

समीक्षा : गेले. चहा तसाच राहिला त्यांचा.

बिरदेव : म्या थांबलो कुठं? म्हणं थांबला! उठता यीना म्हणून पडलुय.

समीक्षा : का असेना. पडलात ना? हळू उठायचं का आता? घोंगड्यावर नेऊ आम्ही दोघी?

बिरदेव : थांब जरा. हितं गार लागतंय पोटाला. आन मला सांग, जोतिबाच्या फोनचं काय? उद्याच्याला परत कुठली अडली तर? सुगरण मेंढीचं पैलंच येत हाय, तिचंबी भ्या वाटतंय. काकींचा नंबर लिवून घेतलास का?

समीक्षा : घेते. आधी तुम्ही शांत पडा. सारखं मान वळवू नका.

बिरदेव : शांत काय शांत. सकाळपासनं शांत, शांत. समीक्षा, एक खरं सांग. तुला काय वाटतंय? पेशी का पाणी?

समीक्षा : मला नाही माहीत.

बिरदेव : वाटतंय काय, ते इचारतुय.

समीक्षा : मला भीती वाटते, रात्रंदिवस. तुम्ही विव्हळलात की वाटतं पाणी. तुम्हाला जरा डोळा लागला की वाटतं पेशी. दिवसातून दहा वेळा बदलतं माझं. आणि पाणी निघालं तर तुम्ही मला जन्मभर ऐकवाल, याची सगळ्यात जास्त भीती वाटते.

बिरदेव : ऐकवीन म्या. माझा सोभाव हाय. पर तू मनाव घिऊ नगंस.

समीक्षा : हे बरं आहे तुमचं!

बिरदेव : आये, अजून हितंच हुबी हाईस न्हवं? आता तर गाडीबी गेली. मेंढी सुटली. मला कुठं जायाचं न्हाई. आता लाव पाय. नुसता हितनं उठून घोंगड्यापतुर जायाला.

राहीबाई : न्हाई.

बिरदेव : लय दुखतंय गं आये. खरंच दुखतंय.

राहीबाई : दिसतंय मला. दुखू दे. आमी दोघी धरून न्हेतो तुला.

बिरदेव : मग बस तरी खाली. माझ्या पाठीपशी अशी हुबी ऱ्हाऊ नगं. तुझा पाय लागतुय मला.

राहीबाई : लागत न्हाई. टीचभर लांब हाय.

समीक्षा : आत्या, तुमचा पाय कापतोय. काय होतंय तुम्हाला? बसा ना.

राहीबाई : काय हुत न्हाई. उंबऱ्याव पाठ दिसली की ह्यो आपसूक म्होरं जातुय, सारा जलम तेच केलंय त्येनं. आन ही तर माझ्या बिरदेवाची पाठ. समीक्षा, जरा धर गं मला. ह्यो पाय ऐकंना झालाय.